वजा साडेआठ वर्षं

सोळा हजार चारशे बारा. हा आकडा डॉ. वृषाली खळदकरला तोंडपाठ होता आणि त्याची तिला मुळीच लाज वाटत नसे. माणसाला स्वतःचं वजन ठाऊक असतं, रक्तदाब ठाऊक असतो, मग आपल्या शोधनिबंधाचा आधार जगात किती जणांनी घेतला हे ठाऊक असायला काय हरकत आहे? सकाळी चहा गाळता गाळता ती फोनवर तो आकडा बघायची. कधी दोनाने वाढलेला असायचा, कधी पाचाने. वाढला नाही त्या दिवशी चहा पाणचट लागतो, असं ती स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगायची.

निबंध चोवीस वर्षांपूर्वीचा, २०१८ सालचा. तेव्हा ती तीस वर्षांची होती, पुण्यात पाषाणला औषधरेणू संस्थेत नुकती रुजू झाली होती, आणि संगणकावर औषध कसं शोधतात हे घरच्यांना समजावताना तिच्या नाकी नऊ येत. तसं ते अवघड नाही. जगात बनवता येतील अशा रेणूंची संख्या इतकी अफाट आहे की एकेक करून तपासायला बसलं तर माणसांच्या शंभर पिढ्या पुरणार नाहीत. म्हणून संगणकाला जुन्या प्रयोगांची यादी द्यायची. हे रेणू जंतूवर चालले, हे चालले नाहीत. त्यावरून तो शिकतो आणि अजून कुणी न बनवलेल्या रेणूंबद्दल सल्ला देतो, की याच्या वाटेला जा, त्याच्या नादी लागू नका.

आता गंमत अशी, की चाललेले रेणू सगळेच छापतात. फसलेले कोण छापणार? आपल्या हाताने आपलं हसं कोण करून घेणार? वृषालीने आणि तिचा सहकारी अन्वर मुजावर याने ते धाडस केलं. क्षयरोगाच्या जंतूवर तपासलेले तीन हजार रेणू, त्यातले दोन हजार आठशे सपशेल नापास, अशी सगळी यादी त्यांनी उघड्यावर मांडली, तीही मोफत. जगभरच्या यंत्रांना नेमकं हेच हवं होतं. त्यानंतर क्षयरोगावर काम करणारं एकही यंत्र खळदकर-मुजावर यादी गिरवल्याशिवाय पुढे गेलं नाही.

आणि आता, चौपन्नाव्या वर्षी, वृषालीला संस्थेचं संचालकपद हवं होतं. उगाच आढेवेढे कशाला घ्यायचे, अगदी मनापासून हवं होतं. संचालकांच्या खोलीतले ते शेवाळी पडदे काढून तिथे कुठले लावायचे हेही तिने ठरवून ठेवलं होतं. शेवटच्या तिघांत तिचं नाव होतं आणि बाकीच्या दोघांचे आकडे तिच्या निम्म्यानेही नव्हते. बुधवारी नाव जाहीर व्हायचं होतं. मध्ये फक्त वजाकाराची चाचणी राहिली होती.

वजाकार ही निबंधांची किंमत जोखणारी संगणकप्रणाली; ती संस्थेत आणण्यात तिचाच पुढाकार होता, हे सांगायला हवं. किती जणांनी उल्लेख केला यावरून कामाची किंमत ठरवणं म्हणजे लग्नाला किती पाहुणे आले यावरून संसार जोखणं, असं तिने तीन वर्षांपूर्वी एका बैठकीत ठणकावून सांगितलं होतं. स्वतःचा आकडा सोळा हजारांचा असला की माणसाला असं उदार बोलायला काही मोल पडत नाही.

वजाकाराचा प्रश्न साधा होता. हा निबंध जगात आलाच नसता तर काय झालं असतं? पूर्वी अशा प्रश्नाला लोक गप्पांत उत्तरं देत. पण २०३० नंतर औषधशोधातले बहुतेक निर्णय यंत्रंच घेऊ लागली, आणि कुठल्या यंत्राने कधी, कुठला रेणू, कशाच्या आधारावर निवडला याची नोंद ठेवणं कायद्याने बंधनकारक झालं. त्यामुळे एखादा निबंध काढून टाकायचा, त्यावर शिकलेली सगळी यंत्रं त्याच्याशिवाय पुन्हा शिकवायची, आणि मग त्यांनी काय निवडलं असतं ते बघायचं, हे शक्य झालं होतं. उत्तर वर्षांत यायचं. अधिक तीन म्हणजे तुमच्यामुळे एखादं औषध तीन वर्षं लवकर आलं. बहुतेकांचं उत्तर शून्याच्या आसपास यायचं, आणि ती मंडळी पुढचे चार दिवस कँटीनमध्ये दिसायची नाहीत.

गुरुवारी दुपारी वृषालीचा निकाल आला. अन्वर तिच्याच खोलीत डबा उघडून बसला होता. चोवीस वर्षांपासून दोघे एकत्रच जेवत.

"साडेआठ आलंय," ती म्हणाली.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? पार्टी दे." अन्वरच्या तोंडात घास होता.

"वजा साडेआठ."

अन्वरने हात न धुताच पडदा आपल्याकडे वळवला. वजाकाराने अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं. हा निबंध नसता, तर औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावर गुणकारी ठरू शकेल असा एक रेणू यंत्रांनी साडेआठ वर्षांपूर्वी निवडला असता. निबंधामुळे ती वाट बंद झाली आणि आजही बंद आहे. या अंदाजाची खात्री एकाहत्तर टक्के.

"हरकत घे," अन्वर म्हणाला. "मंगळवारी पाचपर्यंत मुदत आहे. 'अंदाज मान्य नाही', एवढी एक ओळ लिहायची आणि मोकळं व्हायचं. एकाहत्तर टक्के म्हणजे काय गं? वेधशाळेचा पाऊस झाला तो."

तासाभराने निवड समितीचे अध्यक्ष डॉ. पेठकर यांचा फोन आला. तेही तेच म्हणाले, फक्त जास्त गोड आवाजात. "खळदकर मॅडम, मनावर घेऊ नका. तुम्ही एका ओळीची हरकत नोंदवा, आम्ही ती मान्य करतो आणि बुधवारी पेढे खातो. सगळे तुमच्याच बाजूचे आहेत."

खरं तर तिला आधी राग यायला हवा होता, नाहीतर भीती तरी वाटायला हवी होती. दोन्ही आलीच, पण जरा मागाहून. सगळ्यात आधी आली ती निव्वळ उत्सुकता. आपली यादी चुकली असेल तर नेमकी कुठे चुकली? तीस वर्षं ज्या स्वभावावर ती जगली होती तो असा एका फोनने गप्प बसणारा नव्हता. तिने वजाकाराला विचारलं, यादीतल्या कुठल्या ओळींमुळे ही वाट बंद झाली? त्याने दोनशे बारा ओळी काढून दाखवल्या. सगळ्या एकाच कुळातल्या होत्या. पांढऱ्याफटक भुकटीचं ते कुळ, त्याला त्या काळी प्रयोगशाळेत सगळे 'खडू' म्हणायचे.

दोनशे बाराच्या दोनशे बारा नापास. वृषाली त्या ओळींकडे बघत राहिली. यादीतल्या इतर प्रत्येक कुळात दोन-चार तरी पास झालेले होते. इथे औषधालाही एक नाही.

"अन्वर, आख्खा वर्ग एकजात नापास होतो का रे कधी?"

"पेपर फुटला तर एकजात पास होतो. नापास झालेला मी तरी पाहिला नाही."

परिणाम काय झाला असेल हे आता दोघांनाही दिसत होतं. एखाद्या घरात पहिल्यांदा पडवळ आणलं ते किडकं निघालं, आणि कुणीतरी भिंतीवर लिहून ठेवलं की पडवळ आणू नये. पुढे बाजाराला जाणारा प्रत्येक जण ती पाटी वाचूनच निघाला, तर त्या घरात पडवळ पुन्हा येणार कसं? खडूच्या कुळासारखा दिसणारा कुठलाही रेणू समोर आला की जगातली सगळी यंत्रं तोंड फिरवत होती, आणि यंत्रं म्हणतील तेच माणसं बनवत होती. त्यामुळे पाटी चुकली आहे हे कळायला वावच उरला नव्हता.

पण प्रयोगात नेमकं काय झालं होतं? त्या काळची कागदी रजिस्टरं संस्थेने स्कॅन करायला म्हणून नेली आणि ती पुन्हा कुणाच्या नजरेस पडली नाहीत. वृषालीला विचाराल, तर तिने उभ्या आयुष्यात प्लेट हातात धरली नव्हती. प्लेट म्हणजे बारीक बारीक वाट्यांची प्लास्टिकची थाळी. एकेका वाटीत आधी एकेक रेणू घालायचा, मग एका यंत्राने त्यात जंतू सोडायचे आणि दुसऱ्या यंत्राने वाचायचं, की जंतू जगले की मेले. ते काम गजानन डोईफोडे यांचं. ते प्रयोगशाळा सहाय्यक होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती आणि आता सासवडला आपल्या अंजिराच्या बागेत असत. वृषालीचं काम पडद्यावरचं. डोईफोडे रजिस्टर आणून द्यायचे आणि ती त्यातलं तक्त्यात भरायची.

शुक्रवारी सकाळी ती गाडी काढून दिवे घाट चढली.

डोईफोडे काका पडवीत बसून करंडीत पानं घालून अंजिरं रचत होते. तिला बघून ते उठले. "या, या, मॅडम. असं न सांगता? फोन तरी करायचा, जेवायचं केलं असतं."

"जेवायला नाही आले काका. तुमची वही बघायला आले."

काकांची वही संस्थेत सगळ्यांना ठाऊक होती. रजिस्टर संस्थेचं आणि वही आपली, असा त्यांचा बाणा. दिवसभरात जे केलं ते संध्याकाळी दोनशे पानी वहीत पुन्हा लिहून काढायचे. तेव्हा सगळे हसायचे. आज वृषाली हसली नाही. तिने काय झालंय ते त्यांना सांगितलं, संचालकपदाचंही सांगितलं. काकांनी चष्मा पुसला, आतून वह्यांचा गठ्ठा आणला आणि त्यातली एक काढून पानं उलटत बसले. पाचेक मिनिटांनी त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"'प्लेट एकतीस ते तेहतीस. खडू. सगळं गढूळ. तळाला साका.'" त्यांनी वाचलं, पुढे नजर फिरवली आणि वही मिटली.

"एवढंच?"

"कामाचं एवढंच."

"हे रजिस्टरमध्येही लिहिलं होतंत?"

"लिहिलं होतं की. शेऱ्याच्या रकान्यात."

शेऱ्याचा रकाना. वृषालीला आपला तक्ता आठवला. त्यात रकाने दोनच होते, रेणूचा क्रमांक आणि निकाल. चालला तर एक, नाही चालला तर शून्य. संगणकाला शेरे कळत नाहीत म्हणून तिने तो रकाना घेतलाच नव्हता. वाचणाऱ्या यंत्राने सांगितलं, जंतू जिवंत. तिने भरलं शून्य. गढूळ हा शब्द बसवायला तिच्या तक्त्यात जागाच नव्हती.

आणि सगळी मेख त्या शब्दात होती. गढूळ म्हणजे रेणू पाण्यात विरघळलेला राहिलाच नाही. तो खडे होऊन तळाला बसला आणि जंतू वर मजेत पोहत राहिले. दोघांची गाठच पडली नाही. परीक्षेला न बसलेल्या पोरांना तिने नापास करून टाकलं होतं, एकदोन नाही, चांगल्या दोनशे बारांना.

"पण गढूळ का झालं, काका? आदल्या दिवशी तर विरघळलं असणार, त्याशिवाय तुम्ही प्लेट भरली नसती."

काका थोडे घुटमळले. "खंडेनवमी होती, मॅडम."

तिच्या लक्षात आलं. संस्थेत त्या काळी खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. प्लेटांत जंतू सोडणाऱ्या यंत्राला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढे नारळ. एकदा पूजलं की दसरा होईपर्यंत त्याला कामाला लावायचं नाही. रेणू भरलेल्या प्लेटा जंतू न घालताच दोन दिवस फ्रीजमध्ये राहिल्या असणार, आणि थंडीत खडूचे खडे झाले असणार.

"म्हणजे त्या पावडरीत दम होता म्हणायचा?" काकांनी विचारलं.

"कदाचित. बघायला लागेल."

निघताना काकांनी करंडी गाडीत ठेवली आणि घाटात सावकाश जा म्हणून दोनदा सांगितलं. परतीच्या वाटेवर वृषालीच्या डोक्यात एकच विचार होता. हे बाहेर पडलं की बातम्या कशा येतील ते तिला आत्ताच दिसत होतं. पूजेपायी औषध हुकलं. आणि पूजा मांडली कुणी? डोईफोड्यांनी. ज्या माणसाने जे दिसलं ते इमानाने लिहून ठेवलं, त्याच्याच माथी सगळं खापर फुटणार. ते आपण होऊ द्यायचं नाही, असं तिने घाट उतरेपर्यंत पक्कं केलं.

शनिवारी अन्वरने गोदामातून खडूच्या बाटल्या काढल्या. तो कुरकुरत होता, पण त्याचे हात भराभर चालत होते. उत्सुकता त्यालाही सुटली नव्हती. दोन जोड प्लेटा भरल्या. एक जोड लगेच जंतू घालून ठेवली, दुसरी मुद्दाम जंतू न घालता दोन दिवस फ्रीजमध्ये. आताचे जंतू असे तयार केलेले असतात की जिवंत असले की मंद हिरवे चमकतात आणि मेले की विझतात. त्यामुळे निकाल नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

रविवारी पहिली जोड बाहेर काढली. अंधाऱ्या कपाटात दोघांनी डोकी घातली. हिरव्या ठिपक्यांच्या रांगा होत्या, आणि मध्ये मध्ये काळ्या जागा. अन्वरने मोजल्या. मग वृषालीने मोजल्या. एकोणीस.

"एकोणीस," अन्वर म्हणाला आणि खाली स्टुलावर बसला. त्याला भयंकर आनंद झाला होता आणि तितकंच वाईट वाटत होतं, आणि यातलं आधी काय बोलावं हे त्याला कळत नव्हतं. "वृषाली, हे चोवीस वर्षं आपल्या गोदामात पडून होतं गं."

दुसऱ्या जोडीत सोमवारी जंतू घातले आणि मंगळवारी सकाळी ती बाहेर काढली. सगळ्या वाट्या गढूळ, तळाला साका, आणि वर जंतूंनी प्लेट हिरवीगार. दोनशे बाराच्या दोनशे बारा नापास. काकांच्या वहीतली ओळ जशीच्या तशी समोर उभी होती.

आता प्रश्न उरला तो लिहिण्याचा. दुरुस्तीचं टिपण छापायलाच हवं होतं, त्यावर दोघांचं दुमत नव्हतं. मतभेद होता तो दिवसाचा.

"गुरुवारी छापू," अन्वर म्हणाला. "आज हरकतीची एक ओळ टाक, उद्या संचालक हो, परवा दुरुस्ती दे. संचालक म्हणून दिलीस तर उलट तुझा मोठेपणा दिसेल. दोन दिवसांनी कुणाचं काय जातंय?"

"'अंदाज मान्य नाही' असं लिहू? एकोणीस वाट्या डोळ्यांनी बघितल्यावर?"

"मान्य आहे, पण नंतर मान्य आहे. तू उगाच हरिश्चंद्राचा अवतार धारण करू नकोस. माझंही नाव आहे त्या निबंधावर. तू संचालक झालीस तर आपण हे खडू जोरात पुढे नेऊ. दुसरा कुणी बसला तर तो आधी आपलीच चौकशी लावेल."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. वृषालीने हरकतीचं पान उघडलं. 'अंदाज मान्य नाही' हे तीन शब्द टाइप केले आणि त्यांच्याकडे बघत बसली. तिला ते पद हवं होतं. काल हवं होतं त्याहून आज जास्त हवं होतं, कारण आज त्याचा उपयोग दिसत होता.

शेजारी अन्वरने टिपणाचा मसुदा उघडला होता. त्यात त्याने लिहिलं होतं, 'सहाय्यकाच्या हाताळणीतील त्रुटीमुळे'.

"हे काढ," ती म्हणाली. "काकांची त्रुटी कसली? त्यांनी शेरा लिहिला होता. मी तो तक्त्यात घेतला नाही. तेच लिही."

"आणि प्लेटा दोन दिवस फ्रीजमध्ये का होत्या, हे कुणी विचारलं तर?"

"दोन दिवस थंडीत राहिल्या, एवढं पुरे. पूजेचं नाव काढायचं नाही. काकांना मी विचारते, त्यांचं नाव घालायचं तर परवानगी लागेलच."

तिने फोन लावला आणि अन्वरला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. खडूच्या एकोणीस वाट्यांचं ऐकून काका "अरे वा, अरे वा" म्हणाले. मग तिने परवानगीचं विचारलं, आणि पूजेबद्दल आपण काही लिहिणार नाही, तुमच्यावर उगाच खापर नको, असंही सांगून टाकलं.

"माझ्यावर कसं येईल, मॅडम?"

"म्हणजे, यंत्र बंद ठेवलं होतं ना पूजेसाठी, म्हणून लोक उगाच..."

"मॅडम, वहीत त्याच्या खाली अजून एक ओळ आहे. त्या दिवशी मी वाचली नाही. तुम्हाला एकटीला घाट उतरून जायचं होतं, म्हटलं कशाला."

वृषालीने फोन जवळ ओढला. "वाचा, काका."

वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग काका शाळेत धडा वाचावा तसं सरळ वाचत गेले. "'खंडेनवमीला पूजेआधी मॅडमना विचारलं होतं, प्लेटा तयार आहेत, जंतू घालून घेऊ का, अर्धा तास लागेल. मॅडम म्हणाल्या, राहू द्या काका, सगळे खोळंबलेत, दसऱ्यानंतर बघू. दोन दिवसांत काय नासतंय.'"

तिला हे आठवत नव्हतं. पण शब्द तिचेच होते, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. तिची सगळी दुनिया पडद्यावरची. फाईल आज उघडली काय, परवा उघडली काय, आत काही बदलत नाही. प्लेटही तशीच असते असं तिने धरून चाललं होतं, आणि ज्याच्या हाताखालून रोज प्लेटा जात होत्या त्याने विचारलं तेव्हा त्याला वाटेला लावलं होतं. तिला लाज वाटली. कान तापेपर्यंत लाज वाटली. चार दिवस ती या माणसाला वाचवायला निघाली होती, आणि त्याने शुक्रवारी पडवीत वही मिटून तिलाच वाचवलं होतं.

"काका, तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत."

"काय बोलायचं? त्यानं काय बिघडलं ते मला तरी कुठं ठाऊक होतं? शुक्रवारी तुम्ही सांगितलंत तेव्हा उलगडा झाला. पण आता छापताय तर सगळं छापा. पूजा मी मांडली होती, ते लिहा. मी विचारलं, तुम्ही नको म्हणालात, तेही लिहा. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. अर्धवट लिहिलंत तर उद्या दुसरीकडं कुणीतरी परत तेच करंल."

फोन ठेवला तेव्हा अन्वर खिडकीबाहेर बघत होता.

"हे लिहिलंस तर पद गेलं," तो म्हणाला.

"गेलं."

तिने 'अंदाज मान्य नाही' हे शब्द खोडले आणि त्या जागी 'अंदाज मान्य आहे' असं लिहून खाली दुरुस्तीचं टिपण जोडलं. टिपण अर्ध्या पानाचं होतं. त्यात पूजा होती, फ्रीज होता, गढूळ हा शेरा होता, तो शेरा पहिल्या लेखिकेने वगळला हे होतं. शेवटचं वाक्य तिने स्वतः लिहिलं. 'पूजेआधी प्लेटांत जंतू घालावेत का, असे श्री. गजानन डोईफोडे यांनी विचारले होते. मी नको म्हटले.' टिपणावर तीन नावं होती, आणि पहिलं काकांचं. अन्वरने एकदा वाचलं, आपल्या नावापुढे खूण केली आणि म्हणाला, "पाठव आता, नाहीतर माझा विचार बदलेल." साडेचार वाजता ते समितीकडे आणि नियतकालिकाकडे एकाच वेळी गेलं.

बुधवारी सभागृहात नाव जाहीर झालं. ते तिचं नव्हतं. तिने टाळ्या वाजवल्या आणि नव्या संचालकांचं अभिनंदन केलं. वाईट वाटलं. तिला कमालीचं वाईट वाटलं आणि आपल्याला वाटत नाही असं तिने स्वतःलाही सांगितलं नाही. फोनमध्ये सकाळपासून पत्रं येत होती. डर्बनच्या एका प्रयोगशाळेने यादी दुरुस्त करून आपलं यंत्र रातोरात पुन्हा शिकवलं होतं, आणि पहिल्याच फेरीत त्याने खडूच्या कुळाकडे बोट दाखवलं होतं. त्यांना एकोणीसच्या एकोणीस नमुने हवे होते, जमलं तर आजच. तसंच पत्र हनोईहून होतं, लिमाहून होतं.

चहाच्या टेबलापाशी डॉ. पेठकरांनी तिला गाठलं. त्यांना मनापासून हळहळ वाटत होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"खळदकर मॅडम, काय केलंत हे? फक्त दोन दिवस थांबला असतात. दोन दिवसांत काय बिघडणार होतं?"

वृषालीने कप खाली ठेवला. "एकदा थांबून बघितलंय, सर," ती म्हणाली, आणि खाली अन्वर बाटल्या भरत होता तिकडे निघाली.